सोसायटीचा ग्रुप आणि शेजाऱ्याची अब्रू

प्रतिनिधी

महिन्याची दहा तारीख उलटली की शहरांतील अनेक गृहनिर्माण सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक यादी येऊन पडते. फ्लॅटचा क्रमांक, मालकाचे नाव, थकलेली रक्कम आणि खाली एखादी बोचरी ओळ. लिफ्टची दुरुस्ती, पाण्याचे टँकर, रखवालदारांचे पगार हे सारे वेळेवर पैसे भरणाऱ्यांच्या जिवावर चालते. मग न भरणाऱ्यांची नावे सांगितली तर बिघडले कुठे, हा सचिवांचा सवाल. यादीत ज्याचे नाव असते त्याचा सवाल निराळा असतो. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणी पार्किंगच्या आकारणीविरुद्ध उपनिबंधकांकडे तक्रार करून रक्कम रोखून धरलेली असते, तर कुणाच्या खात्यात नुसतीच हिशेबाची चूक असते. यादी मात्र सगळ्यांना एकाच तागडीत तोलते, आणि तीही दोन-तीनशे लोकांसमोर.

चाळींच्या काळात अशी भांडणे होत नसत असे कुणी म्हणणार नाही. नळावरची वादावादी आणि गॅलरीतली कुजबुज हा चाळीच्या संसाराचा भागच होता. पण बोललेले शब्द वाऱ्यावर विरत, आणि चार दिवसांनी त्याच घरातून हळदीकुंकवाचे बोलावणे येई. ग्रुपवर लिहिलेला शब्द तसा विरत नाही. तो तारीख-वेळेसह प्रत्येकाच्या फोनमध्ये राहतो, स्क्रीनशॉटच्या रूपाने दुसऱ्या ग्रुपवर जातो, आणि मुलीचे स्थळ पाहायला येणाऱ्यांच्या किंवा फ्लॅट विकत घेणाऱ्याच्या हाती वर्षभरानेही पडू शकतो. कायद्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

दोन वेगळे हक्क

या वादांत दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक खासगीपणाचा हक्क, दुसरा प्रतिष्ठेचा. शेजाऱ्याबद्दल खोटे लिहिले तर त्याच्या प्रतिष्ठेला धक्का बसतो. त्याच्याबद्दल खरे, पण इतरांशी संबंध नसलेले काही उघड केले (त्याचा आजार, घटस्फोटाचा खटला, रात्री घरी येण्याची वेळ) तर खासगीपणावर घाला येतो. ‘मी खोटे कुठे लिहिले?’ हे उत्तर पहिल्या तक्रारीला काही प्रमाणात पुरते, दुसरीला मुळीच पुरत नाही.

खासगीपणा हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये सामावलेला मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने न्या. के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. प्रतिष्ठाही त्याच अनुच्छेदाचा भाग आहे, हे न्यायालयाने त्याआधी मे २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी यांच्या प्रकरणात म्हटले होते आणि बदनामीला फौजदारी गुन्हा मानणारी तरतूद कायम ठेवली होती. मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध असतात, शेजाऱ्याविरुद्ध नव्हे, हा आक्षेप योग्यच होता. जानेवारी २०२३ मधील कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाने बहुमताने अनुच्छेद १९ आणि २१ मधील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतील असे मत दिले. तरीही सोसायटीच्या भांडणासाठी कुणी रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात धावावे, अशी परिस्थिती नाही. रोजच्या व्यवहारात उपयोगी पडतो तो बदनामीचा जुना कायदाच.

बदनामीची व्याख्या

भारतीय दंड संहितेतील कलम ४९९ आणि ५०० आपल्या परिचयाची होती. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या संहितेत त्याला समाजसेवेच्या शिक्षेचा पर्याय जोडण्यात आला आहे.

मजकूर बदनामीकारक ठरण्यासाठी तो वर्तमानपत्रात छापून यावा लागत नाही. संबंधित व्यक्तीखेरीज आणखी एकाने तो वाचला तरी प्रसिद्धी झाली असे कायदा मानतो. तेव्हा ‘हा आपला बंद ग्रुप आहे, बाहेरचे कुणी नाही’ हा बचाव पहिल्याच पायरीवर कोसळतो. नाव न घेता लिहिल्यानेही सुटका होत नाही. ‘आमच्या विंगमधील एक फारच प्रामाणिक गृहस्थ, ज्यांनी मागच्या वर्षी रंगकामाचे कंत्राट स्वतःच्या मेहुण्याला दिले’ असे कुणी लिहिले, तर तो कोण हे इमारतीतील पोरासोरांनाही कळते. उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असे या कलमाच्या स्पष्टीकरणात शब्दशः आहे. मराठी माणसाच्या टोमणे मारण्याच्या कलेचा विचार करता हे स्पष्टीकरण प्रत्येक सोसायटीच्या जिन्यात लावायला हरकत नाही.

दुसऱ्या एका स्पष्टीकरणात कोणत्या गोष्टींनी प्रतिष्ठा उणावते ते सांगितले आहे: नैतिक किंवा बौद्धिक चारित्र्य, जात, व्यवसाय, पत, आणि शरीर किळसवाण्या किंवा लाजिरवाण्या समजल्या जाणाऱ्या अवस्थेत आहे असा समज पसरवणे. पतीचा उल्लेख थकबाकीच्या यादीला लागू होऊ शकतो, शरीराच्या अवस्थेचा उल्लेख आजाराच्या अफवांना. २०२० च्या साथीत अनेक ठिकाणी करोनाबाधितांची नावे आणि फ्लॅट क्रमांक क्षणात ग्रुपवर फिरले. बाधितांची किंवा विलगीकरणात असलेल्यांची नावे समाजमाध्यमांवर पसरवू नयेत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये स्पष्टपणे कळवले होते. तरी पसरली. त्यामागे भीती होती हे मान्य केले, तरी रुग्णाच्या घरातील वृद्धांना दूध-भाजी मिळणे बंद झाले, ही आठवण कित्येकांच्या मनातून अजून गेलेली नाही.

‘खरे असेल तर बदनामी नाही’ हे वाक्य ग्रुपवर फार ऐकू येते. ते अर्धेच बरोबर आहे. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव मानला जातो. फौजदारी खटल्यात मात्र मजकूर खरा असण्याबरोबरच तो प्रसिद्ध करणे सार्वजनिक हिताचे होते, हेही दाखवावे लागते. समितीने लिफ्टच्या निधीत घोळ केला हे पुराव्यानिशी सांगणे सोसायटीच्या हिताचे असू शकते. समितीच्या अध्यक्षांचे घरी पत्नीशी पटत नाही हे सांगण्यात कुणाचे हित आहे?

कलमाला दहा अपवाद आहेत. आपले किंवा इतरांचे हितसंबंध जपण्यासाठी सद्‌भावनेने केलेले विधान, योग्य अधिकाऱ्याकडे सद्‌भावनेने केलेली तक्रार, इतरांना सावध करण्यासाठी दिलेली सूचना हे त्यांपैकी तीन. मात्र ‘सद्‌भावना’ म्हणजे मनात वाईट हेतू नसणे, एवढाच अर्थ कायद्याला अभिप्रेत नाही. योग्य ती काळजी घेऊन आणि लक्ष देऊन केलेली कृतीच सद्‌भावनेची, अशी व्याख्या संहितेत आहे. आधी ग्रुपवर टाकायचे आणि मग खरे-खोटे तपासायचे, या रीतीला ती व्याख्या आसरा देत नाही.

जी ग्रुपवर नाही तिची गोष्ट

प्रस्तुत प्रतिनिधी राहतो त्या इमारतीत तीन वर्षांपूर्वी एक प्रसंग घडला. एका घरातील सोन्याची बांगडी सापडेना. संशय घरकाम करणाऱ्या बाईंवर गेला. दुपारच्या आत त्यांचे छायाचित्र, नाव आणि ‘हिला कामावर ठेवू नका’ ही सूचना आमच्या ग्रुपवर आली; संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन सोसायट्यांत पोहोचली. पोलिसांत तक्रार झाली नव्हती. बाई एकूण पाच घरी काम करीत. त्यांपैकी चार घरांनी दुसऱ्याच दिवशी ‘सध्या नको’ म्हणून सांगितले. काय झाले हे त्यांना कुणी सांगितले नाही, कारण ज्या ग्रुपवर त्यांचा निकाल लागला त्यावर त्या नव्हत्या. बांगडी नवव्या दिवशी कपाटाच्या खणामागे सापडली. ग्रुपवर ओळ आली: ‘बांगडी मिळाली, सर्वांचे आभार.’ खाली हात जोडल्याची चिन्हे आली. आधीचा संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी ही ओळ पुढे पाठवली, ते विचारण्याचे धैर्य तेव्हा या प्रतिनिधीलाही झाले नाही. त्यानेही ते छायाचित्र पाहिले होते आणि तो गप्प बसला होता.

घरकामगार, चालक, रखवालदार, सामान पोहोचवणारी मुले यांच्याबाबत ही असमानता कायमची असते. थकबाकीदार निदान उत्तर देऊ शकतो. या मंडळींना आरोप झाल्याचेच ठाऊक नसते. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण तो कल्याणकारी लाभांपुरता आहे. नावलौकिकाचे रक्षण त्याच्या कक्षेत येत नाही. बदनामीचे कलम मात्र फिर्यादी फ्लॅटचा मालक आहे की भांडी घासणारी बाई, असा भेद करीत नाही. अडचण वकिलाच्या खर्चाची आणि बुडणाऱ्या रोजाची. जिल्हा आणि तालुका विधी सेवा समित्यांकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते, ही तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. ती किती जणींपर्यंत पोहोचते हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

थकबाकीची यादी

सुरुवातीच्या यादीकडे परत येऊ. देखभाल खर्च थकवणाऱ्याकडून वसुली करण्याचा मार्ग कायद्याने सोसायटीला दिला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यातील कलम १५४ बी-२९ नुसार उपनिबंधकांकडे अर्ज करून वसुलीचा दाखला मिळवता येतो. पूर्वी हेच काम कलम १०१ खाली होत असे. म्हणजे ग्रुपवर लाज काढणे हा वसुलीचा एकमेव मार्ग नाही. तो फक्त फुकटचा मार्ग आहे.

सभासदांपासून थकबाकी लपवून ठेवावी असेही नाही. सोसायटीचा ताळेबंद आणि हिशेब पाहण्याचा सभासदांना हक्क आहे, आणि सर्वसाधारण सभेत थकबाकीची चर्चा होणे स्वाभाविकच. कळीचा मुद्दा आहे तो ग्रुपवर कोण आहे हा. सभेला सभासद येतात. ग्रुपवर भाडेकरू असतात, सभासदांची कॉलेजातली मुले असतात, दोन वर्षांपूर्वी फ्लॅट विकून गेलेले आणि कुणीच न काढलेले जुने मालक असतात, कधी इस्टेट एजंट आणि प्लंबरही असतो. सभासदांना हिशेब सांगण्याचे समर्थन अशा जमावासमोर नाव वाचण्यापर्यंत ताणता येईल का, याबद्दल या प्रतिनिधीला शंका आहे. एकूण थकबाकीचा आकडा ग्रुपवर आणि ज्याचा हिशेब त्याला स्वतंत्र पत्राने, अशी पद्धत काही सोसायट्या पाळतात. तिने वसुली घटल्याचे ऐकिवात नाही.

समितीचा टीकाकार ग्रुपवरून काढला जातो, हीही नेहमीची तक्रार. ग्रुप ही कायद्याने निर्माण केलेली गोष्ट नसल्याने त्यावर राहण्याचा हक्क मागणे कठीण आहे. पण सभासदत्वाचे हक्क ग्रुपवर अवलंबून नाहीत. सभेची सूचना, कार्यक्रमपत्रिका, इतिवृत्त हे उपविधींत सांगितलेल्या रीतीने सभासदाला मिळालेच पाहिजे. ‘ग्रुपवर टाकले होते’ हे त्याचे उत्तर नव्हे.

अॅडमिनचे काय?

सोसायटीचा अॅडमिन झालेल्या माणसाला रात्री झोप लागत नाही ती तुरुंगाच्या भीतीने. ही भीती न्यायालयांनी बरीच कमी केली आहे. घरखरेदीदारांच्या एका ऑनलाइन गटातील मजकुरावरून अॅडमिनविरुद्ध दाखल झालेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळला. बदनामीकारक बातमी छापली म्हणून ज्या कागदावर ती छापली तो कागद बनवणाऱ्याला दोषी धरण्यासारखे हे आहे, अशा आशयाचे निरीक्षण त्या निकालात होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील प्रकरण गोंदिया जिल्ह्यातील होते. ग्रुपमधील एका सदस्याने एका महिलेबद्दल अश्लाघ्य भाषा वापरली आणि अॅडमिनने त्याला काढले नाही, असा आरोप होता. १ मार्च २०२१ रोजी खंडपीठाने अॅडमिनविरुद्धची कारवाई रद्द केली. समान उद्देश किंवा पूर्वनियोजित कट असल्याखेरीज दुसऱ्याच्या मजकुरासाठी अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, हे त्याचे सार. केरळ उच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२२ मध्ये असाच निष्कर्ष काढला.

नागपूर खंडपीठाच्या तर्कात एक मुद्दा असा होता की अॅडमिनला सदस्य घेण्या-काढण्यापलीकडे मजकुरावर ताबा नसतो. ऑगस्ट २०२२ पासून व्हॉट्सअॅपने अॅडमिनला कुणाचाही संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय दिली आहे. उद्या एखाद्याने ‘हाती साधन असून, वारंवार सांगूनही पुसले नाही’ असा युक्तिवाद केला तर काय होईल, ते आज सांगणे धाडसाचे ठरेल. शहाणा अॅडमिन लेखी तक्रार आल्यावर संदेश पुसतो आणि वादात आपले मत घालत नाही.

संदेश पुढे पाठवणारा मात्र अॅडमिनइतका सुरक्षित नाही. महिला पत्रकारांविषयीचा आक्षेपार्ह मजकूर समाजमाध्यमावर पुढे पाठवल्याच्या प्रकरणात तमिळ अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांना मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये दिलासा नाकारला. पुढे पाठवणाऱ्याला मजकुराची जबाबदारी घ्यावी लागेल, अशी न्यायालयाची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयानेही पुढच्याच महिन्यात हस्तक्षेप केला नाही. ‘आले तसे पाठवले’ या तीन शब्दांना कायद्यात विशेष किंमत नाही.

जेथे चूक महागात पडते

काही मजकूर असा असतो की तेथे बदनामी झाली की नाही हा प्रश्नच उरत नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करणे पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने आणि कमाल एक वर्ष. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ खाली येते. इमारतीत असा प्रसंग घडला की ‘कुठल्या घरातली मुलगी?’ हा प्रश्न ग्रुपवर हमखास येतो, आणि सहानुभूतीपोटीच कुणीतरी मजला सांगून मोकळे होते. मजला सांगितला की ओळख पटते.

सीसीटीव्हीच्या चित्रफिती हा दुसरा धोका. सामायिक जागेतील कॅमेरे सुरक्षेसाठी असतात. लिफ्टमधील जोडप्याची किंवा पायरीवर घसरलेल्या आजोबांची चित्रफीत ग्रुपवर टाकण्यासाठी नव्हे. संमतीविना कुणाच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्रण करणे वा ते पाठवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई नुसार तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र आहे. याच कायद्यातील बहुचर्चित कलम ६६ ए मात्र सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली, त्यानंतर ते कलम देशभर चर्चेत आले होते. आजही कुणी ‘६६ ए लावीन’ असा दम देत असेल तर त्याला घाबरण्याचे कारण नाही.

दाद कुठे मागावी

बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलिस ठाण्यात गेल्यास नोंद होईल, पण पोलिस आपणहून तपास सुरू करणार नाहीत. ज्याची बदनामी झाली त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे खासगी फिर्याद दाखल करावी लागते. नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधीही द्यावी लागते. फौजदारी फिर्यादीची मुदत तीन वर्षे. भरपाईच्या दिवाणी दाव्याची मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून अवघी एक वर्ष, आणि समजुतीची बोलणी करता करता ती निघून जाते, म्हणून ही तारीख लक्षात ठेवावी. उपनिबंधक किंवा सहकारी न्यायालय सोसायटीच्या कारभाराचे वाद ऐकतात. अब्रूची किंमत ठरवणे त्यांचे काम नव्हे. गुन्हा तडजोडयोग्य असल्याने बरीच प्रकरणे वकिलाच्या नोटिशीनंतर त्याच ग्रुपवरील माफीनाम्यावर मिटू शकतात. माफी त्याच ग्रुपवर, नाव घेऊन आणि आधीच्या संदेशाचा उल्लेख करून मागितलेली असावी, असा आग्रह धरावा.

पुरावा जपण्यात अनेक जण चुकतात. नुसत्या स्क्रीनशॉटची छापील प्रत पुरेशी नसते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडणे आवश्यक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातील जालन्याच्या निवडणूक वादात ठामपणे सांगितले. आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये असून प्रमाणपत्राचा नमुना कायद्यालाच जोडलेला आहे. त्याचा एक भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. म्हणून मूळ फोन बदलू नये, संभाषण पुसू नये, रागाच्या भरात ग्रुप सोडण्यापूर्वी ते जतन करून ठेवावे. समोरच्याने संदेश सर्वांसाठी पुसला तरी ज्यांनी तो वाचला ते साक्षीदार असतातच.

सर्वांत नवा कायदा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा. तो ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यांत अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत ठेवण्यात आली. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती या कायद्यातून वगळली आहे. शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या गप्पा त्या सवलतीत बसतील. सोसायटी मात्र व्यक्ती नाही. सभासदांचे दूरध्वनी क्रमांक, भाडेकरूंची कागदपत्रे, वाहनांची नोंद, प्रवेशद्वारावरील अॅपमध्ये साठणारी घरकामगारांची छायाचित्रे आणि येण्या-जाण्याच्या वेळा ही माहिती ती संस्था म्हणून गोळा करते, आणि तिला ही सवलत मिळेल असे मानायला आधार दिसत नाही. कायद्याखालील दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून काही मिळत नाही.

आमच्या इमारतीतील त्या बाई आता स्थानकापलीकडच्या वसाहतीत कामाला जातात. पाचवे घर, ज्यांनी त्यांना काढले नव्हते, तेथे त्या अजूनही येतात. त्यांचे छायाचित्र ग्रुपच्या माध्यम-साठ्यात परवापर्यंत होते. अॅडमिनना सांगितल्यावर त्यांनी शोधले, पण संदेश जुना झाल्यामुळे तो सर्वांच्या फोनमधून पुसता आला नाही.